पीआयटी पास म्हणजे पाइल लोड घेणार, हे कोणी सांगितलं?

मागच्या महिन्यात परत तेच. पणजीत पाटोच्या बाजूला एका साइटवर क्लायंट रिपोर्ट दाखवतो, म्हणतो सगळ्या पाइल्सची (बिल्डिंगचा भार खाली नेणारे जमिनीतले काँक्रीटचे खांब) टेस्ट झालीय, आता लोड टेस्टचा खर्च कशाला. रिपोर्ट बघतो तर पीआयटीचा, म्हणजे पाइल इंटेग्रिटी टेस्टचा, जी फक्त काँक्रीट अखंड आहे का ते बघते. डोक्याला हात लावला.

स्टॅटिक लोड टेस्ट सगळ्यांना माहीत आहे, जॅक लावायचा, वजन चढवायचं, डायल गेज वाचायचे, रुटीन टेस्टला डिझाइन लोडच्या दीडपट. त्यावर वेळ घालवत नाही. गोंधळ होतो तो पीआयटी आणि पीडीए (पाइल ड्रायव्हिंग अ‍ॅनालायझर, पाइल किती भार घेईल ते काढणारी टेस्ट) या दोघांत, कारण दोन्हीत हातोडा आहे, दोन्हीत पाइलच्या डोक्यावर सेन्सर आहे आणि दोन्हीत लॅपटॉपवर वळणावळणाचा ग्राफ येतो.

पण हातोडा बघा ना. पीआयटीचा हातोडा हातात मावतो, किलोभराचा. टक् करून मारलं की काँक्रीटमधून लाट खाली जाते, साधारण 4000 मीटर प्रति सेकंद वेगाने, आणि टोकावरून परत येते. 18 मीटरची पाइल असेल तर जाऊन यायला 9 मिलिसेकंद. मधेच पाइल बारीक झाली असेल, भेग असेल, माती शिरली असेल तर लाट त्याआधीच परतते, इतकंच. या टक् ने पाइल जागची हलतही नाही, आणि हललीच नाही तर भोवतालची माती तिला किती धरून ठेवते ते कळणार कसं? मातीला काही विचारलंच नाही तुम्ही!

पीडीएत टनावारी वजन उंचावरून टाकतात. 300 टनांची क्षमता दाखवायची तर साधारण 3 ते 6 टनाचं वजन लागतं, म्हणजे एक-दोन टक्के. पाइल खरोखर काही मिलिमीटर खाली ढकलली जाते, बाजूची माती आणि टोकाखालचा थर दोन्ही कामाला लागतात, आणि समोरासमोर लावलेल्या स्ट्रेन गेज आणि अ‍ॅक्सिलरोमीटरवरून बल आणि वेग मिळतो, त्यातून क्षमता काढतात. वजन कमी पडलं तर पूर्ण क्षमता दिसत नाही, म्हणून हलक्या वजनावर "अ‍ॅडजस्ट करूया" म्हणणाऱ्यांना मी साइटवरूनच परत पाठवतो.

गोव्यात हा फरक जास्त महाग पडतो कारण इथे वर कडक चिरा लागतो नि त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ माती निघते, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) तर चिखलच. काँक्रीट एक नंबर, पीआयटीचा ग्राफ सरळ, आणि टोक मऊ मातीत. पीआयटीच्या दृष्टीने ती पाइल पास आहे, बिल्डिंगच्या दृष्टीने नाही.

म्हणून पीआयटी टाकाऊ असं नाही हां, स्वस्त आहे, दिवसात कितीतरी पाइल्स होतात, सगळ्या पाइल्सवर करा, मी तर आग्रहच धरतो. आयएस 14893 हे भारतीय मानक त्यासाठीच आहे. फक्त पाइलचं डोकं आधी चिपिंग करून (फोडून) पक्क्या काँक्रीटपर्यंत आणा, वरच्या भुसभुशीत थरावर मारलेल्या टक् चा ग्राफ म्हणजे कचरा. आणि पाइल लांबीला व्यासाच्या तीसपटीपेक्षा जास्त असेल तर टोकाचा प्रतिध्वनी बहुतेक वेळा विरून जातो, तिथे "टोक स्पष्ट दिसतं" असं लिहिलेलं बघितलं की मला संशय येतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे वेग फिरवून लांबी जुळवणं. ग्राफमधून मिळतो फक्त वेळ. वेग तुम्ही धरणार आणि लांबी त्यावरून निघणार, मग ड्रॉइंगमधली लांबी येईपर्यंत वेग वर-खाली केला की सगळ्या पाइल्स बरोबर लांबीच्या. एका रिपोर्टात शेजारशेजारच्या पाइल्सना, त्याच ग्रेडच्या काँक्रीटच्या, 3500 पासून 4300 पर्यंत वेग दिलेले होते, विचारलं तर म्हणाले "सॉफ्टवेअरने घेतले".


क्रॉसहोल (पाइलमधल्या पाइपांतून अल्ट्रासाऊंड सोडून काँक्रीट तपासणं) वेगळाच प्रकार, त्याला कास्टिंगच्या आधीच सळ्यांच्या पिंजऱ्यात पाइप बांधावे लागतात, आणि पाइपांच्या बाहेरचं काँक्रीटचं कव्हर त्यालाही दिसत नाही. क्षमता तोही सांगत नाही.

पाटोवाल्या क्लायंटला शेवटी दोन पाइल्सवर पीडीए करायला लावली. वजन आणायला क्रेन लागली, बिल बघून तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.