शेजाऱ्यांचा रंग ल्यालेली मखमली मुंगी

उत्तर अमेरिकेतल्या तापलेल्या वाळूवर एक केसाळ किडा लगबगीने फिरत असतो. त्याच्या मिशांसारख्या स्पृशा सतत वाळू चाचपत असतात. दिसायला मुंगी, म्हणून नाव मखमली मुंगी; पण ही बिनपंखांची गांधीलमाशी, तीही मादीच. नराला पंख असतात, नांगी नसते. (आपला मृगाचा किडाही मखमली, पण तो आठ पायांचा, कोळ्यांच्या गोतावळ्यातला.) हिच्या जातीचं शास्त्रीय नाव डासिम्युटिला बायोक्युलाटा. वाळूत बिळं करणाऱ्या दुसऱ्या गांधीलमाश्यांचं घर सापडलं की ती उकरून आत शिरते आणि कोशातल्या अळीवर अंडं घालते. पुढे तिच्या पिल्लाला जेवण आयतंच.

एकाच जातीच्या या माद्यांमध्ये काही लहान, काही मोठ्या का, हे कीटकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स मिकेल यांनी १९२४ मध्ये दाखवून दिलं: जिच्यावर पोसली ती यजमान गांधीलमाशी मोठी, तर पाहुणी मोठी. रंगाचं प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचं. लव कुठे फिकट पिवळी, कुठे नारिंगी, कुठे लालभडक.

मखमली मुंग्यांची नांगी जबर असते. एकदा डंख बसलेला सरडा पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. दुधाने तोंड पोळलेल्याने ताकही फुंकून प्यावं, तसा तो त्या रंगाच्या प्रत्येक किड्याला टाळतो. म्हणजे एका भागातल्या सगळ्या डंखवाल्या एकाच रंगाच्या असल्या, तर सरड्याला शिकवण्याची किंमत सगळ्यांत वाटली जाते. हे गणित जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. २०१५ च्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या मखमली मुंग्यांच्या तीनशेहून अधिक जाती रंगानुसार अवघ्या आठ गटांत बसल्या. सख्ख्या नात्यातल्या जाती वेगळ्या गटांत, दूरच्या जाती एकाच गटात. काही जाती तर प्रदेश बदलला की गटही बदलतात. नात्यापेक्षा शेजार भारी!

पण सगळं श्रेय सरड्यांना देणं घाईचं ठरेल. वाळवंटातली डासिम्युटिला ग्लोरिओसा ही दुसरी मखमली मुंगी लांब पांढऱ्या केसांची. तिथल्या क्रिओसोट झुडपाच्या लवदार फळात लपण्यासाठीच तिने हे रूप घेतलं, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. २०२० मध्ये संशोधकांनी दोघांचं वय ताडून पाहिलं, तर पांढरा रंग आधीचा आणि झुडूप त्या वाळवंटात फार नंतर आलेलं! शिवाय पांढरे केस नारिंगी केसांपेक्षा जास्त ऊन परतवतात, त्यामुळे अंग कमी तापतं.