परसातलं गाजरगवत : भुंगा सोडला, थांबवला, पुन्हा सोडला

पावसाळ्यात दोन महिने परसाकडे लक्ष गेलं नाही की जे रान माजतं, त्यातलं बरंचसं ओळखीचंच असतं. हराळी, लव्हाळा, केना, एकदांडी, आघाडा. घोळ, तांदुळजा आणि कोवळा टाकळा तर खुडून भाजीलाच जातो. ‘हे कसलं रोप?’ म्हणून ज्याचा फोटो दाखवला जातो, ते पुष्कळदा गाजरगवत निघतं आणि विचारणाऱ्याला नवल वाटतं. रस्त्याकडेचं कमरेएवढं, पांढऱ्या फुलांचं गाजरगवत सगळ्यांना माहीत आहे. वाफ्यातलं चार-सहा पानांचं रोप मात्र शेवंतीचं वाटतं, कारण पानं तशीच कातरलेली असतात. आमच्या शेजारी अशा एका रोपाला महिनाभर निगुतीनं पाणी घातलं जात होतं. फरक पाहायचा तर खाली वाकावं लागतं. शेवंतीचा फुटवा जुन्या बुंध्याच्या आसपास येतो. गाजरगवत कुठेही एकटं उगवतं, त्याची सगळी पानं एका मध्यातून निघून ताटलीसारखी जमिनीला चिकटलेली असतात आणि त्यांवर बारीक लव असते. मग अचानक मधून दांडा वर येतो, आणि तो आला की फुलं फार लांब नसतात.

नावानंही गोंधळात भर घातली आहे. हे गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती आहे. म्हणून फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारं औषध फवारलं तर हराळी जळते आणि हे ताठ उभं राहतं. चटक चांदणी, पांढरी फुली ही नावं फुलांवरून पडली. ‘काँग्रेस गवत’ हे नाव का पडलं, याच्या दोन कथा सांगतात: फुलांचा पांढरा रंग टोपीसारखा, किंवा ते आलं तेव्हा सत्तेवर कोण होतं त्यावरून. दोन्ही कथांच्या मागे अमेरिकी गहू आहे. पी.एल. ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातून बी आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पुण्यात उकिरड्यांवर हे रोप दिसलं ते १९५५ मध्ये, आणि त्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकी गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, आला होता, त्यामुळे धान्याची वाट खोटी ठरत नाही, फक्त कायद्याचं नाव चुकतं. कोलकात्याच्या एका बागेच्या १८१४ च्या छापील यादीत तर या वनस्पतीचं नाव आधीच आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत पुण्यात त्वचारोगाचे रुग्ण वाढले तेव्हा ही गोष्ट शेतापुरती राहिली नाही. पापण्या, मान, कोपराचा आतला भाग लाल होऊन चिघळायचा. उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांना त्याचा सर्वाधिक त्रास झाला. रोपातलं पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण. कर्नाटकानं १९७५ मध्ये याला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं.

त्यानंतरचा खरा टप्पा म्हणजे मेक्सिकन भुंगा. हे तण मूळचं अमेरिका खंडातलं, तिथे त्याला खाणारे किडे आहेत आणि इथे एकही नव्हता. म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून हा भुंगा बंगळुरूला आणला. तो इथल्या पिकांना तोंड लावतो का, हे बंदिस्त जागेत तपासलं आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. दिसायला लहान, फिक्या पिवळसर पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अळ्या आधी शेंड्यात शिरतात, म्हणजे जिथून फूल येणार तोच भाग आधी संपतो. नंतर त्या मातीत उतरून कोष करतात. काही वर्षांत बंगळुरूच्या आसपास पट्टेच्या पट्टे नुसते दांडे होऊन उभे राहिले.

आणि १९९१ च्या सुमारास सूर्यफुलाच्या शेतात हा भुंगा पानं खाताना दिसला. कुळ एकच असल्यामुळे ओरड होणं स्वाभाविक होतं. ज्याचं पीक उभं आहे, त्यानं परदेशी किड्यावर भरवसा ठेवावा तरी का? चौकशी समिती नेमली गेली आणि नवे भुंगे वाढवून सोडणं थांबलं. पाहणीतून पुढे आलेलं कारण मात्र निराळं होतं. शेजारच्या गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, आणि भुंगे त्या वासानं पानं कुरतडत होते. निव्वळ सूर्यफुलावर त्यांची पिढी पुढे सरकत नव्हती. बंधन उठलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मला हा काळ फार मोठा वाटतो. शंका आली तेव्हा थांबणं बरोबर होतं, पण उत्तर हाती आल्यावरही वर्षं गेली. एक रोप हजारोंनी बी टाकतं, आणि तण काही समितीसाठी थांबलं नाही.

तरीही भुंगा सगळं करील ही अपेक्षा चुकीची होती. तो कोरड्या महिन्यांत मातीत दडून बसतो आणि पाऊस लागल्यावर वर येतो. नळाच्या पाण्यावर उन्हाळ्यातही उगवणाऱ्या परसातल्या रोपांना त्याच्यापासून धोका नसतो. तिथे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि ओली माती हेच कामाचं. दांडा वर येण्याआधी मुळासकट उपटायचं, कारण वरून कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. फूल नसलेली रोपं खड्ड्यात घालून खत होतं, फुलावर आलेली कंपोस्टात घालू नयेत. फरसबंदीच्या फटींत मिठाचं दाट पाणी चालतं, वाफ्यात नाही, माती बिघडते. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आले, त्यामुळे घरच्या पंपानं ते मारणं आता नियमातही बसत नाही. मोकळ्या कोपऱ्यात टाकळा दाट उगवू दिला तर तो गाजरगवताला वर येऊ देत नाही, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे.

गाजरगवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला होतो. जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं रोप तोवर फुलावर आलेलं असतं, त्यामुळे परसात जुलैचा पहिला आठवडा अधिक उपयोगाचा. शेणखतातूनही याचं बी येतं, म्हणून पोतं उघडल्यावर खत आधी एका कोपऱ्यात पसरून, पाणी मारून दोन आठवडे ठेवावं. जे उगवेल ते तिथेच उपटता येतं.