तुळईवरची धूळ

नागपूरकरांना स्फोट म्हटलं की बाजारगाव आठवतं. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात 9 कामगार गेले. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. पण सगळेच स्फोट दारूगोळ्याचे नसतात.

स्फोटकाला बाहेरच्या हवेची गरज नसते, त्याचा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. म्हणून टीएनटीचा स्फोट सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर वेगाने धावतो. बॉयलर फुटतो तेव्हा तर काही पेटावंही लागत नाही. दाबाखालचं उकळतं पाणी मोकळं झालं की त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं आणि पाण्यापेक्षा वाफेला सुमारे 1,600 पट जागा लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण 2 ते 9 टक्के असेल तरच भडकतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका खालीही हवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती धुळीची. डाळ मिल, पिठाची गिरणी, हळदीचं दळण, सॉ मिल, कोराडीसारख्या वीज केंद्रातला कोळसा, ही सगळी पेटणारी धूळ. लाकडाचा ओंडका चुलीत तासभर जळतो. त्याचाच भुसा बारीक करून हवेत उधळला, तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि तेवढंच जळण डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. बंद शेडमध्ये तापलेल्या हवेला पसरायला वाव नसतो, मग भिंती जातात.

पहिला भडका बहुतेक वेळा छोटाच असतो, धान्य वर चढवणाऱ्या एखाद्या एलिव्हेटरमधला किंवा मशीनच्या पेटीतला. पण त्या हादऱ्याने तुळयांवर, केबलच्या ट्रेवर, पत्र्याखाली वर्षानुवर्षं साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट होतो. माणसं मारतो तो हा दुसरा. 2008 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात साखरेच्या कारखान्यात असेच 14 जण गेले. साखरेने!

तुमच्या शेडमध्ये एकदा शिडी लावून वर चढा आणि तुळईवर बोट फिरवा. खालचा रंग धुळीने दिसेनासा झाला असेल, तर थर धोक्याचा आहे. तो 1 मिलिमीटरचा असला तरी पुरे. तो काढताना कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. त्याने धूळ जात नाही, उडते, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मोटरीत ठिणगी पडते. धुळीसाठी बनवलेला, अर्थिंग केलेला क्लीनर आणा आणि आधी मशीन बंद करा.