जिवाणूंमधील विषनिर्मितीचे नियमन

रोगकारक जिवाणू स्वतःचे विष केव्हा, कुठे आणि किती तयार करतात हे ज्या अंतर्गत यंत्रणांनी ठरते, त्यांना एकत्रितपणे विषनिर्मितीचे नियमन म्हणतात. येथे विष म्हणजे मुख्यतः बहिर्विष, जिवाणूने तयार करून बाहेर सोडलेले प्रथिन. (काही जिवाणूंच्या बाह्य आवरणाचाच भाग असलेले अंतर्विष वेगळे, त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.) घटसर्प, पटकी, धनुर्वात या रोगांची ओळखीची लक्षणे बहुतांशी अशा विषांमुळे उद्भवतात. जिवाणू अंगात आहे पण विष सुटलेले नाही, असेही घडते. म्हणून तपासणीत अमुक जंतू सापडला एवढ्याने रोगाचा उलगडा होत नाही. तो जंतू विष करतो का आणि केव्हा करतो, हे कळावे लागते.

ठाण्यातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बसलेल्या विद्यार्थ्याला हे नियमन डोळ्यांनी पाहता येते. मेंढीचे रक्त घातलेल्या आगरच्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवांच्या पुवात सापडणारा जिवाणू रेघाटायचा आणि प्लेट रात्रभर 37 अंश सेल्सिअसला ठेवायची, तीही उलटी, नाहीतर झाकणावर साचलेले पाणी टपकून सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात. सकाळी सोनेरी ठिपके उगवलेले असतात. प्लेट खिडकीच्या उजेडापुढे धरली की प्रत्येक ठिपक्याभोवती तांबड्या थरात एक स्वच्छ कडे दिसते. तिथल्या रक्तपेशी जिवाणूच्या विषाने फुटलेल्या असतात. हाच जिवाणू प्रयोगशाळेत वारंवार एका माध्यमातून दुसऱ्यात उचलत राहिले तर काही वंशांत, म्हणजे या जातीच्या काही उपप्रकारांत, हे कडे फिके पडत जाते. जिवाणू जिवंत असतो, जोमाने वाढतही असतो, पण विष चालू करणारी त्याची यंत्रणा बिघडलेली असते. आयते अन्न मिळत असताना त्या यंत्रणेवाचून त्याचे काही अडत नाही.

प्रथिन घडवायला ऊर्जा आणि कच्चा माल लागतो. पाण्यात किंवा मातीत असताना ज्याचा उपयोग नाही, ते विष सतत करणारा जिवाणू इतरांच्या मागे पडतो. शिवाय शरीरात शिरल्याबरोबर विष सोडले तर प्रतिकारशक्ती वेळेआधीच सावध होते. त्यामुळे विषाची जनुके बहुधा बंद ठेवलेली असतात आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज आल्यावरच ती उघडली जातात. हा अंदाज जिवाणू तापमान, लोह, आम्लता, पित्त, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्याच जातीच्या जिवाणूंची दाटी अशा खुणांवरून बांधतो.

लोहाची खूण

यातली सर्वांत स्पष्ट कहाणी घटसर्पाची आहे. एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी 1888 मध्ये घटसर्पाच्या जिवाणूंचे संवर्धन गाळून घेतले आणि जिवाणूविरहित गाळीव द्रवानेही प्राणी मरतात हे दाखवले. मारणारी वस्तू जिवाणूपासून वेगळी करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे विष मोठ्या प्रमाणावर बनवताना एक अडचण सतत येई: कधी भरपूर विष मिळे, कधी जवळजवळ नाही. 1930 च्या दशकात कारण सापडले. माध्यमात लोह थोडे जरी जास्त झाले तरी विषाचे उत्पादन कोसळते.

माणसाच्या शरीरात लोह पुष्कळ असते, पण मोकळे जवळजवळ नसते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन यांनी ते धरून ठेवलेले असते. त्यामुळे लोहाचा दुष्काळ ही जिवाणूसाठी आपण यजमानाच्या शरीरात आहोत याची खूण ठरते. त्याच्या पेशीतले एक दमनक प्रथिन लोह मिळाले की विषाच्या जनुकाच्या तोंडाशी बसते आणि ते बंद ठेवते; लोह संपले की ते सुटते आणि विष वाहू लागते. यातली खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. विषाचे जनुक मुळात जिवाणूचे नाहीच, ते जिवाणूला लागण करणाऱ्या एका विषाणूबरोबर, बॅक्टेरिओफेजबरोबर, आलेले असते. बिनविषारी वंशाला असा फेज लागला की तो विषारी होतो हे 1951 मध्ये दिसून आले. जनुक पाहुण्याचे आणि त्याची कडी-कुलूप मात्र घरच्या दमनकाच्या हाती, अशी ही व्यवस्था आहे.

याचा धागा पालिकेच्या आरोग्य केंद्रापर्यंत येतो. ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस देतात. तिच्यातला घटसर्पाचा अंश म्हणजे लोह मोजूनमापून कमी ठेवलेल्या माध्यमात जिवाणूकडून करवून घेतलेले आणि मग फॉर्मॅलिनने निर्विष केलेले विष. ही लस जिवाणूविरुद्ध नसून त्याच्या विषाविरुद्ध संरक्षण देते. म्हणूनच लस घेतलेल्या माणसाच्या घशात घटसर्पाचा जिवाणू बिनबोभाट राहू शकतो आणि शेजारच्या लस न घेतलेल्या मुलाला तो लागू शकतो.

तापमान

डांग्या खोकल्याचा जिवाणू 37 अंशांना विष करतो आणि 25 अंशांच्या आसपास ते थांबवतो. त्याच्या पटलातले एक संवेदक प्रथिन परिस्थिती ओळखते आणि आतल्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देऊन चालू करते. अशा जोडीला द्विघटकी यंत्रणा म्हणतात. लिस्टेरिया या अन्नातून लागणाऱ्या जिवाणूत तर संवेदक प्रथिनाचीही गरज पडत नाही. त्याच्या रोगकारकतेची सूत्रे हलवणाऱ्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए थंडीत दुमडलेला राहतो आणि शरीराच्या उबेत उलगडतो.

गणपूर्ती

एकट्यादुकट्या जिवाणूने सोडलेले विष वाया जाते. त्यामुळे अनेक जाती आधी आपली संख्या मोजतात. या प्रक्रियेला गणपूर्ती संवेदन म्हणतात आणि गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची प्रत्येक पेशी 7 ते 9 अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बाहेर सोडत असते. गर्दी वाढली की त्याची बाहेरची मात्रा वाढते, पेशीच्या पटलावरचे ग्राही प्रथिन ती ओळखते आणि आत एक नियामक आरएनए तयार होऊ लागतो. त्यासरशी जिवाणूचा पवित्रा बदलतो: पृष्ठभागाला चिकटून राहण्यासाठी लागणारी प्रथिने कमी होतात आणि ऊती फोडणारी विषे वाढतात. या पेप्टाइडचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकारचा पेप्टाइड दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंची यंत्रणा दाबून टाकतो.

पटकीचा जिवाणू

व्हिब्रिओ कॉलरीचे मूळ घर खाडीमुखाचे मचूळ पाणी. ऐरोली किंवा वाशीच्या पुलावरून भरती-ओहोटी पाहणाऱ्याला जे पाणी दिसते, तशाच पाण्यात ही जात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या कवचातल्या कायटिन या पदार्थाला चिकटून राहते. पाण्यातल्या यांपैकी बहुतेक वंशांकडे पटकीच्या विषाचे जनुक नसतेच. ते जनुकही एका फेजवर असते, हे 1996 मध्ये कळले. तो फेज जिवाणूत शिरतो तो एका विशिष्ट तंतूला धरून. हाच तंतू आतड्यात वस्ती करायला लागतो आणि तंतू व विष ही दोन्ही एकाच नियामकाच्या हुकमाने तयार होतात. त्यामुळे आतडे हेच फेजने नवे जिवाणू गाठण्याचे सोयीचे ठिकाण ठरते.

पटकीचे विष वेगळे दाखवले ते कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, 1959 मध्ये, सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जिवाणूविरहित गाळीव द्रव सोडून. तुकडा पाण्याने टम्म फुगला. या कामाला हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान डे यांना मिळाला नाही, आणि कोणत्याही भारतीय भाषेतल्या नोंदीत हे नाव ठळकपणे यायला हवे. हे विष आतड्याच्या पेशीतली एक कळ दाबून धरल्यासारखी चालू ठेवते; क्षार आणि पाणी बाहेर धावते आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात.

त्याचे नियमन मात्र अजूनही अभ्यासकांना कोड्यात टाकते. प्रयोगशाळेत पटकीच्या जिवाणूच्या ‘अभिजात’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या वंशाकडून विष मिळवायचे तर 30 अंश तापमान आणि किंचित आम्लधर्मी माध्यम लागते. आतड्यात तर 37 अंश असतात आणि आम्लता कमी असते. म्हणजे काचेच्या नळीत शोधलेली खूण शरीरातल्या खुणेसारखी असेलच असे नाही. बायकार्बोनेट मुख्य नियामकाला जोर देते आणि पित्तातली असंतृप्त मेदाम्ले त्याला दाबतात. त्यावरून जिवाणू पोकळीतले पित्त ओलांडून आतड्याच्या अस्तराला पोचल्यावर विष सुरू करत असावा असे मानतात. गणपूर्तीचाही नियम इथे उलटा आहे. संख्या कमी असताना विष चालू, दाटी झाली की बंद. पटकी अल्पकाळाचा रोग असल्याने गर्दी झाल्यावर सुटून पाण्याबरोबर बाहेर पडण्यात जिवाणूचा फायदा असतो.

स्वयंपाकघरात

काही विषे शरीराबाहेर, अन्नातच तयार होतात. भात शिजवताना बॅसिलस सिरियसचे बीजाणू मरत नाहीत. दुपारचा भात ओट्यावर तसाच राहिला, पावसाळी दमट हवेत रात्र उलटली की बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि त्यांचा एक वंश उलट्या करवणारे विष करतो. सकाळी मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता घालून केलेला फोडणीचा भात कितीही खरपूस परतला तरी ते विष नष्ट होत नाही, कारण ते 121 अंशांनाही टिकते. उपाय वेळेचा आहे: वाफ गेली की भात फ्रिजमध्ये. हाताने वळलेल्या पेढ्यांतून होणारी स्टॅफिलोकॉकसची विषबाधा याच प्रकारची. तिच्यातल्या अनेक विषांपैकी काही गणपूर्तीच्या ताब्यात असतात, पण सर्वाधिक आढळणारे विष फेजवर असते आणि त्या यंत्रणेला जुमानत नाही.

उपचारांशी संबंध

नियमन माहीत असणे इथे प्रत्यक्ष रुग्णाच्या कामी येते. एश्चेरिशिया कोलायच्या काही वंशांत शिगा विषाचे जनुक सुप्त फेजवर असते. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की फेज जागा होतो, भराभर वाढतो, विष तयार होते आणि जिवाणू फुटून ते बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक नेमकी अशी इजा करते, त्यामुळे या वंशांच्या संसर्गात ते टाळतात. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून अशा एका वंशाची साथ पसरली आणि 50 हून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे रक्ताची आव बहुधा शिगेला या दुसऱ्या जिवाणूमुळे होते आणि तिथे प्रतिजैविक द्यावेच लागते, तेव्हा दोन्हींतला फरक मलाच्या तपासणीने करावा लागतो. स्टॅफिलोकॉकसचे विष अंगात भिनून रक्तदाब कोसळतो (टॉक्सिक शॉक), तेव्हा डॉक्टर इतर प्रतिजैविकाला क्लिंडामायसिन जोडतात, कारण ते प्रथिननिर्मितीच थांबवते आणि जिवाणू मरण्याआधी विष आटते. शिगा विष शेवटी मूत्रपिंडांवर उतरते. म्हणून रक्ताची आव झालेल्या लहान मुलाच्या आईला दवाखान्यात पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारला जातो: सकाळपासून लघवी किती वेळा झाली?