दक्षिणेच्या पैशातून उभे राहिलेले कॉलेज

पुण्याचे डेक्कन कॉलेज आपली स्थापना ६ ऑक्टोबर १८२१ ची सांगते. त्या दिवशी जे उघडले ते कॉलेज नव्हते आणि येरवड्याच्या बाजूलाही नव्हते. विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली ती संस्कृत पाठशाळा होती. मग वय मोजायचे कशावरून? इंग्रजी शाळेशी विलीन होऊन ‘पूना कॉलेज’ झाले ते १८५१ साली, ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव १८६४ चे, नदीपलीकडची दगडी इमारत १८६८ ची आणि आजची संशोधन संस्था १९३९ ची. माझ्या मते १८२१ हेच साल खरे. त्याचे कारण ‘दक्षिणा’ या शब्दात आहे, आणि हा शब्द नीट उलगडल्याशिवाय कॉलेजचा इतिहास कळत नाही.

श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटण्याची प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. ती पुढे पेशव्यांनी चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ म्हणून भिंतींचे मोठे आवार होते. दूरदूरहून आलेले ब्राह्मण तिथे जमत आणि दक्षिणा घेऊन बाहेर पडत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा हा खर्च कंपनी सरकारच्या गळ्यात आला. एकदम बंद केला तर शहरातला वजनदार वर्ग दुखावणार, तसाच चालू ठेवला तर तिजोरीला भार. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने मधला मार्ग काढला. दक्षिणा कमी प्रमाणात चालू राहिली आणि तिच्यातला काही पैसा पाठशाळेकडे वळवला. शास्त्र्यांचे पगार आणि विद्यार्थ्यांचा निर्वाह त्यातून होऊ लागला. व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र असे विषय होते.

तेच पैसे पुढे तीनदा रूप बदलतात. आधी दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे बंद झाले. मग १८४९ साली पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतून उरणारा पैसा मराठीत उपयोगी पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहरात मोठा गदारोळ उठला. वडिलोपार्जित हक्काच्या पैशाला हात लावणे हा अनेकांना धर्मावरचाच घाला वाटला. सरकारने मागणी मान्य केली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्यानंतर, मुंबई विद्यापीठाच्या काळात, ‘दक्षिणा फेलो’ हे पद आले. हुशार विद्यार्थ्याने स्वतः पुढचे शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचे. रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हातावर ठेवले जाणारे नाणे कॉलेजातल्या फेलोचा पगार झाले. हा धागा अखंड आहे, म्हणून पाठशाळा वगळून कॉलेजची सुरुवात सांगताच येत नाही.

पण तो धागा मान्य केला की त्याची दुसरी बाजूही पत्करावी लागते. पाठशाळा निघाली ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. पैसा मात्र मुख्यतः शेतकऱ्यांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून येणारा. रयतेचा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे ठणकावून मांडले. द्विशताब्दीच्या अभिमानात हे एका ओळीत उरकले जाते, ते मला पटत नाही.

येरवड्याच्या बाजूच्या इमारतीला सर जमशेटजी जीजीभॉय घराण्याची मोठी देणगी होती. काळ्या दगडाची गॉथिक वास्तू, टोकदार कमानी, मधे मनोरा. गाव नदीपलीकडे राहिले, त्यामुळे विद्यार्थी आवारातच राहू लागले आणि खरे विद्यार्थिजीवन इथे सुरू झाले. जेवणाचे वेगवेगळे क्लब, सोवळे-ओवळे, नदीवर बोटक्लब. टिळक इथे आले आणि पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले: पोहणे, कुस्ती, होडी वल्हवणे. ते राहत ती खोली आजही दाखवतात. आगरकरांचे दारिद्र्य तर सर्वांना ठाऊक आहे. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा. टिळक एलएलबीला आणि आगरकर एमएला असताना, कॉलेजमागच्या टेकडीवर रात्र रात्र जागून या दोघांनी जे ठरवले त्यातून जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले.

१९३४ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारने हे कॉलेज बंद केले. शंभर वर्षे ओलांडलेली संस्था मोडीत काढण्याचा हा निर्णय माझ्या दृष्टीने निव्वळ अन्याय होता. ती वाचवली माजी विद्यार्थ्यांनी. आधी विनवण्या केल्या, मग ते कोर्टात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारे पुन्हा उघडली. पण पदवीचे वर्ग परत आले नाहीत. जे उघडले ते पदव्युत्तर आणि संशोधनाचे केंद्र होते.

यानंतर विद्यार्थी असण्याचा अर्थच बदलला. बोटक्लबच्या जागी उत्खननाचा तंबू आला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला, प्राचीन वस्तीच्या जागी, १९६८ पासून पंधरा वर्षांच्या आसपास खोदकाम चालले. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष निघाले. घराच्या जमिनीखाली दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि आत लहान मुलाची हाडे. कुंचल्याने माती झटकत कोणा मुलाच्या दफनापर्यंत पोहोचणे हा काही पुस्तकी अभ्यास नव्हे.

दुसरे काम संस्कृत कोशाचे, १९४८ मध्ये सुरू झालेले. शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या काळी, कुठल्या अर्थाने आला, हे दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून टिपायचे. हाताने लिहिलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या खणांमध्ये लावून ठेवल्या आहेत. पहिला भाग निघायला १९७६ उजाडले.

१९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी नाव कॉलेजच राहिले. त्यामुळे गैरसमज आजही होतात. बारावीनंतर प्रवेश मिळतो का, असे पालक विचारतात. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी याची गल्लत होते. आणि पुण्यात रिक्षात बसून नुसते ‘डेक्कन’ म्हटले तर माणूस थेट डेक्कन जिमखान्यावर उतरतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नाव बदलावे असे म्हणणारेही आहेत. पाठशाळा, पूना कॉलेज, डेक्कन कॉलेज अशी तीन नावे आधीच झाली आहेत; चौथे नको. कोशाचे इतके भाग निघूनही तो अजून ‘अ’ मध्येच आहे. तो पुरा होईल तेव्हा मुखपृष्ठावर याच संस्थेचे नाव असावे.