परळी बंद असताना वीज आली कुठून?

2015 च्या जुलैमध्ये परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच पाण्याअभावी बंद पडले. खडका बंधारा आटला होता, आणि वाफ करायला व यंत्रे थंड ठेवायला पाणी नसेल, तर कोळसा असूनही वीज तयार होत नाही. 2013 च्या दुष्काळातही हेच घडले होते. तरीही दोन्ही वेळा मराठवाडा अंधारात बुडाला नाही, कारण विदर्भातल्या आणि राज्याबाहेरच्या केंद्रांची वीज अतिउच्चदाब वाहिन्यांवरून इकडे येत होती. आपल्याकडे विजेचा विषय निघाला की चर्चा निर्मितीची होते, वाहिन्यांची क्वचितच; दुष्काळी प्रदेशाने तरी ती करायला हवी, कारण वाहिनीला पाणी लागत नाही.

तारेतून वीज वाहताना काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि ही गळती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब (व्होल्टेज) दुप्पट केला, तर तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात जाते आणि गळती एक चतुर्थांशावर येते. लांब अंतरावर 220 केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) एक वाहिनी सुमारे 130 मेगावॅट वीज स्वस्थपणे वाहून नेते, 400 केव्हीची सुमारे 500, तर 765 केव्हीची 2,200 च्या आसपास. त्याहून बराच जास्त भार टाकला, तर टोकाकडचा दाब घसरतो. कमी दाबावर चालणारी कृषिपंपाची मोटार कशी तापते आणि जळते, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मात्र खरी अडचण एखादी वाहिनी अचानक बंद पडते तेव्हा येते. वीज रस्ता निवडत नाही. जिथे अडथळा कमी, तिथून ती जास्त जाते, आणि एक वाट बंद झाली की तिचा भार त्याच क्षणी शेजारच्या वाहिन्यांवर पडतो. म्हणून कोणतीही एक वाहिनी वा एक रोहित्र निकामी झाले, तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, असा ग्रिडच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वाहिन्यांच्या जाळ्याच्या, नियोजनाचा मूळ नियम आहे. 30 जुलै 2012 च्या पहाटे तो पाळला गेला नाही. पश्चिम भागात वीज शिल्लक होती आणि उत्तरेला ती हवी होती, पण मधल्या काही वाहिन्या बंद होत्या. अशात मध्य प्रदेशातली बीना ते ग्वाल्हेर ही 400 केव्हीची वाहिनी जादा भाराने ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही तिच्यासोबत गेले आणि 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती.

उन्हाळ्यात ही मर्यादा आणखी आवळते. अनेक जुन्या वाहिन्यांच्या तारा 75 अंश सेल्सिअसपर्यंतच तापू द्यायच्या असतात, कारण त्यापुढे तार लांबते, तिचा झोळ वाढतो आणि ती जमिनीच्या धोकादायकरीत्या जवळ येते. बाहेरच 42 अंश असतील, तर भारासाठी उरणारी सवड हिवाळ्यापेक्षा बरीच कमी असते.

आता त्यात सौरऊर्जेची भर पडली आहे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहू शकतो, पण वीज नेणाऱ्या अतिउच्चदाब वाहिनीला सहसा त्याहून जास्त काळ लागतो. दुपारी भरपूर वीज आणि ती बाहेर न्यायला वाट अपुरी, असे झाले की चालू प्रकल्पाचे उत्पादनच कमी करावे लागते. वरोरा ते परळी आणि परळी ते सोलापूर या 765 केव्हीच्या वाहिन्यांमुळे मराठवाडा राष्ट्रीय ग्रिडच्या मुख्य मार्गावर आला आहे, पण तिथवर वीज पोहोचवणारी उपकेंद्रे आणि लहान वाहिन्याही तितक्याच लागतात.

मनोरे मात्र शेतातच उभे राहतात. वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. ती शेतकऱ्याच्याच नावावर राहते, पण वापरावर कायमची बंधने येतात. केंद्र सरकारच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ग्रामीण भागात 30 टक्के मोबदला सुचवला आहे. हा मोबदला काम सुरू होण्याआधी हातात पडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या मनोऱ्यांवर जास्त तापमान सोसणाऱ्या, कमी झोळ घेणाऱ्या नव्या तारा ओढून क्षमता वाढवता येते, आणि शेते वाचवणारा म्हणून हा उपाय आधी तपासायला हवाच. पण वैशाखातल्या वादळाने असा मनोरा कोसळला, तर त्याच्यावरची दोन्ही मंडले (वीज नेणारे तारांचे स्वतंत्र संच) एकदमच जातात. त्यामुळे दुसरी वाहिनी वेगळ्या शिवारातूनच न्यावी लागते.