पिरोसचं घराणं: पिरेनीजमधल्या अस्वलांची पार्श्वभूमी

फ्रान्स आणि स्पेनच्या मधोमध पसरलेल्या पिरेनीज डोंगररांगेत 1995 साली तपकिरी अस्वलं उरली होती फक्त पाच. 2024 च्या मोजणीत ती किमान 96 भरली. तीस वर्षांत पाचाची शंभराच्या आसपास झाली म्हटल्यावर पेढे वाटायला हरकत नव्हती. पण तिथली शास्त्रज्ञ मंडळी पेढ्याआधी वंशावळ पुढे करतात. त्या वंशावळीत जिकडे पाहावं तिकडे बापाच्या, आजोबाच्या किंवा पणजोबाच्या जागी एकच नाव दिसतं: पिरोस.

आपल्याकडे अस्वल म्हटलं की मेळघाट-ताडोबातलं काळं, वारुळं उकरणारं, मोहाच्या फुलांवर ताव मारणारं अस्वल आठवतं. ते वेगळं. पिरेनीजचं अस्वल म्हणजे युरोपभर पसरलेलं तपकिरी अस्वल. अमेरिकेतलं ग्रिझ्ली आणि आपल्या लडाख-हिमाचलातलं तांबूस अस्वल याच जातीचं. त्याचा माणसाशी संबंध मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल असा आहे. पिरेनीजच्या आरिएज भागात एर्से, उस्तू अशी गावं आहेत. एकोणिसाव्या शतकात ही दरवेशांचीच गावं होती म्हणा ना. डोंगरातून पिल्लं पळवून आणायची, त्यांना नाचायला शिकवायचं आणि गावोगाव फिरायचं. काही जण तर अस्वल घेऊन थेट अमेरिकेला पोचले.

दरवेशांपेक्षा जास्त नुकसान केलं बंदुकीनं आणि विषानं. उन्हाळ्यात मेंढरं वरच्या कुरणांवर चढतात आणि अस्वलाचं घरही तिथेच, त्यामुळे मेंढपाळ आणि अस्वल यांचं वैर जुनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दीडशेच्या घरात असलेली अस्वलं शतकाच्या मध्याला निम्म्यावर आली. फ्रान्सनं 1962 मध्ये शिकार बंद केली आणि 1981 मध्ये पूर्ण संरक्षण दिलं. तोवर वीसेक शिल्लक होती.

इथून पुढे गोष्टीत जनुकशास्त्र येतं. इतक्या विरळ, निशाचर जनावराची मोजदाद करायची कशी? पाऊलखुणांवरून आकार कळतो. नर की मादी, कोण कुणाचं, हे खात्रीनं सांगता येत नाही. पकडून रक्त काढावं, तर पाचातलं एखादं बेशुद्धीच्या इंजेक्शनानं दगावायची भीती. मग नजर गेली अस्वल मागे काय सोडतं त्याकडे. 1992 मध्ये स्वान्ते पेबो (पुढे 2022 चं नोबेल मिळालेले) यांच्या गटानं इटालियन आल्प्समधल्या अस्वलांच्या विष्ठेतून डीएनए मिळवून दाखवला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोब्लचे संशोधक पिएर ताबेर्ले पिरेनीजमधले केस गोळा करून तेच करत होते. हत्यार होतं पीसीआर, म्हणजे चिमूटभर डीएनएच्या असंख्य नकला काढणारं तंत्र, जे कोविडनं आपल्या घराघरांत पोचवलं.

पद्धत आजही तीच आहे. झाडाच्या खोडाला उग्र वासाचं डांबर फासायचं आणि खोडावर काटेरी तारेचे दोन-तीन तुकडे ठोकायचे. वास आला की अस्वल मागच्या पायांवर उभं राहून पाठ घासतं आणि केस तारेत अडकतात. केसाच्या मुळाशी चिकटलेल्या मूठभर पेशी म्हणजे त्याचं आधार कार्ड.

मात्र मूठभर पेशींत डीएनए इतका कमी असतो की यंत्र चुकतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. नमुना क्षीण असला की यंत्राला कधी कधी एकच प्रत दिसते. मग तेच अस्वल कागदावर वेगळं भासतं आणि रानात नसलेलं एक अस्वल यादीत जन्माला येतं. हजारो अस्वलांच्या देशात हे खपून जाईल. पाचांच्या यादीत सहावं भूत शिरलं तर सगळं धोरणच फिरतं. ताबेर्ले यांनी 1996 मध्ये सुचवलेला तोडगा कंटाळवाणा पण पक्का होता: एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासायचा आणि उत्तर जुळल्याशिवाय मानायचं नाही. मला तरी या सगळ्या कामातली खरी करामत इथे दिसते. 1997 मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. तीन प्रौढ नर, वर्षभराचं एक नर पिल्लू आणि प्रौढ मादी फक्त एक.

एका मादीवर घराणं टिकत नाही. बाहेरून अस्वलं आणायची ठरली, पण कुठून? मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मिळणारा, पाहिला तर पिरेनीजच्या अस्वलांचे सख्खे म्हणावेत असे भाऊबंद स्पेनच्याच कांताब्रियन डोंगरात होते. पण त्या काळात तिथलीच अस्वलं कशीबशी तग धरून होती, त्यांच्यातून कुणाला उचलणार? स्लोव्हेनियात मात्र अस्वलं भरपूर आणि राहणीही तशीच, डोंगर-जंगलातली. नातं थोडं लांबचं, पण चालण्याजोगं. 1996 मध्ये झीवा आणि मेल्बा या दोन माद्या मध्य पिरेनीजमध्ये सोडल्या. दोघी स्लोव्हेनियातूनच गाभण आल्या होत्या. 1997 च्या मे महिन्यात त्यांच्या मागोमाग आला पिरोस. त्याच सप्टेंबरात मेल्बा शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली आणि तिची पिल्लं आईविना उरली.

पिरोस धिप्पाड होता आणि त्या भागात त्याच्या तोडीचा दुसरा नर नव्हता. अस्वलांत बलदंड नर इतरांना माद्यांजवळ फिरकू देत नाही. प्रसंगी परक्याची पिल्लं मारतो, म्हणजे आई पुन्हा माजावर येते. पिरोसनं झीवाशी, मेल्बाच्या लेकीशी आणि पुढे स्वतःच्या लेकींशीही संग केला. 2006 मध्ये स्लोव्हेनियातून आणखी पाच अस्वलं आणली, चार माद्या आणि बालू नावाचा एक नर. एक मादी कड्यावरून पडून गेली, एक गाडीखाली आली. ह्वाला मात्र टिकली. स्लोव्हेनियन भाषेत या नावाचा अर्थ ‘धन्यवाद’. तिच्या पिल्लांचा बापही बहुतेक वेळा पिरोसच निघाला. शेवटी त्याला खच्ची करावं का, यावर गंभीरपणे खल झाला. तसं काही घडलं नाही. 2017 नंतर त्याचा माग लागला नाही, म्हणजे वीस वर्षं त्यानं राज्य केलं.

संख्या वाढली की धोका टळला, हा समज इथेच फसतो. जनुकशास्त्रात डोकी मोजून भागत नाही. पुढच्या पिढीला किती वेगवेगळे आईबाप मिळाले ते पाहावं लागतं. त्याला परिणामी संख्या म्हणतात. जनुकशास्त्रज्ञ इयन फ्रँकलिन यांनी 1980 मध्ये ढोबळ आडाखा मांडला होता: जवळच्या नात्यातल्या संकराचे तोटे काही काळ टाळायला ही संख्या किमान 50 हवी आणि दीर्घकाळ बदलांशी जुळवून घ्यायला 500. दहा माद्या आणि एकच नर असेल, तर डोकी अकरा दिसतात, पण परिणामी संख्या भरते चारच्याही खाली. आपण गावगाड्यात सपिंड-सगोत्राचे नियम पाळले, वळू बदलत राहिलो, त्यामागचं शहाणपण यापेक्षा फार वेगळं नसावं.

त्यामुळे पिरोस ज्याचा बाप नाही अशा प्रत्येक नराला सोन्याचं मोल आलं. बालूचा मुलगा काशू हा असा एक होता. एप्रिल 2020 मध्ये तो स्पेनच्या आरान खोऱ्यात मेलेला सापडला. आधी कड्यावरून पडला असं वाटलं. शवविच्छेदनात इथिलीन ग्लायकॉल निघालं, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते अँटिफ्रीझ. काशूनं आणि त्याच्याआधी गोयातनं खोऱ्यातल्या घोड्यांवर हल्ले केले होते. गोयात हा 2016 मध्ये स्पेनच्या कातालोनिया प्रांतानं मुद्दाम ताजं रक्त म्हणून स्लोव्हेनियातून आणलेला नर. पहिली काही वर्षं त्याच्या नावावर पिल्लू एकही लागलं नाही, घोडे आणि मेंढ्या मात्र लागल्या.

मेंढपाळांचा राग समजून घ्यायचा तर जुलै 2017 ची एक घटना पुरे. सीमेवरच्या कुरणावर अस्वलाला बिचकून कळप उधळला आणि 209 मेंढ्या कड्यावरून खाली गेल्या. अस्वलानं मारली असेल एखादी. भरपाई मिळते, राखणीला पांढरे दांडगे पाटू कुत्रे मिळतात, पण रात्रभर कुरणावर जागणाऱ्याला जनुकीय विविधतेचं काय सांगणार? आपल्या धनगरांना लांडग्याबद्दल विचारून पाहा.

पश्चिम पिरेनीजची कथा वेगळी आणि जास्त करुण आहे. मूळची पिरेनीजची म्हणता येईल अशी शेवटची मादी, कॅनेल, तिकडेच राहायची. 1 नोव्हेंबर 2004 रोजी आस्प खोऱ्यात रानडुकरांच्या शिकारीला निघालेल्यांशी तिची गाठ पडली आणि गोळी लागून ती मेली. सोबत तिचं पिल्लू होतं. ते वाचलं. नाव पडलं कॅनेलितो. बाप नेरे, म्हणजे झीवाच्या पोटी आलेला स्लोव्हेनियन रक्ताचा नर. कॅनेलचं पेंढा भरलेलं शरीर आज तुलूझच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

मूळ रक्ताचे दोन-चार म्हातारे नरही पुढच्या काही वर्षांत संपले. मग पश्चिमेला उरले दोघंच, नेरे आणि कॅनेलितो. बाप आणि मुलगा, आणि मादी एकही नाही. हे वर्षानुवर्षं चाललं. मार्च 2018 मध्ये तुलूझच्या न्यायालयानं अस्वलांच्या रक्षणात सरकार कमी पडलं असा ठपका ठेवला, आणि ऑक्टोबरात क्लावेरीना आणि सोरीता या दोन माद्या आणल्या गेल्या. विरोधकांनी रस्ते अडवले होते, म्हणून त्या हेलिकॉप्टरनं उतरवाव्या लागल्या. पुढच्या वसंतात दोघींबरोबर पिल्लं दिसली.

आता पिरेनीजमध्ये फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या अस्वलांचं रक्त स्लोव्हेनियाचं आहे. जुन्या घराण्याचा अर्धा वारसा कॅनेलितोकडे आला. त्याच्या प्रत्येक पेशीत कॅनेलचा मायटोकाँड्रियल डीएनए आहे, पिरेनीजचा अस्सल. पण तो फक्त आईकडून लेकरांकडे जातो, आणि कॅनेलितो नर आहे.